पोटाला वेळ कोण देणार?

पोट बिघडलं की आपण आधी ताटाकडे बघतो. काय खाल्लं, कशाने बाधलं, उद्यापासून काय बंद करायचं? मग सल्ले सुरू होतात. तेलकट कमी करा, भाज्या वाढवा, सावकाश जेवा, ठरलेल्या वेळी जेवा, जेवून लगेच आडवे होऊ नका, शौचाची भावना झाली की टाळू नका. यातला प्रत्येक सल्ला बरोबर आहे. पण नीट पाहिलं तर त्यातले बरेचसे पदार्थांबद्दल नाहीतच, ते वेळेबद्दल आहेत. आणि स्वतःच्या दिवसाच्या वेळापत्रकावर सत्ता असलेली माणसं जगात फार थोडी.

पाळीत काम करणारा कामगार, दिवसभर फोनवर बोलण्याची नोकरी करणारी मुलगी, लांबच्या फेऱ्या मारणारा चालक, वॉर्डातली परिचारिका, शाळेतला दहा वर्षांचा मुलगा, यांनी कधी जेवायचं, किती मिनिटांत उरकायचं आणि कधी उठून शौचालयात जायचं हे दुसरंच कुणीतरी ठरवतं. म्हणून चांगलं पचन ही निव्वळ वैयक्तिक शिस्तीची बाब मानणं मला अन्यायाचं वाटतं. जेवणाची पुरेशी सुट्टी आणि वापरण्याजोगं शौचालय या सार्वजनिक आरोग्याच्या गोष्टी आहेत. पिण्याच्या पाण्यावर आपण हक्क सांगतो, तसाच तो यांवरही सांगायला हवा.

वेळेचा आणि पचनाचा संबंध शरीरशास्त्राने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिला आहे. इव्हान पावलॉव्ह हे रशियन शरीरशास्त्रज्ञ म्हटलं की बहुतेकांना लाळ गाळणारा कुत्रा आठवतो, पण १९०४ सालचं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं ते पचनाच्या शरीरक्रियेवरच्या कामासाठी. त्यांनी कुत्र्याच्या अन्ननलिकेला मानेपाशी बाहेर वाट काढून दिली. कुत्रा खायचा, घास तिथूनच बाहेर पडायचा, जठरात काहीच पोचायचं नाही. तरीही काही मिनिटांत जठररस पाझरू लागायचा. मेंदूकडून जठराकडे जाणारा व्हेगस मज्जातंतू तोडला की हा पाझर बंद व्हायचा. अन्न दिसणं, त्याचा वास येणं, ते तोंडात घोळणं, इथूनच जठराची तयारी सुरू होते. माणसात एका जेवणाला पाझरणाऱ्या आम्लापैकी साधारण एक तृतीयांश आम्ल या पहिल्या टप्प्यातलं असतं. ज्याला जेवणाकडे धड बघायलाही सवड नाही, त्याच्या वाट्याला हा टप्पा घाईतच येतो.

त्याच सुमारास वॉल्टर कॅनन हा वैद्यकाचा विद्यार्थी नव्याने सापडलेल्या क्ष-किरणांनी मांजरांचं जठर पाहत होता. अन्नात क्ष-किरणांना अडवणारं बिस्मथ मिसळलं की जठराच्या भिंतीवरून सरकणाऱ्या लाटा पडद्यावर दिसायच्या. मांजर बिथरलं की लाटा थांबायच्या, शांत झालं की पुन्हा चालू व्हायच्या. संकटाची चाहूल लागली की शरीर पचनाचं काम मागे ठेवतं. माणसाचंही तसंच आहे; ताणाखाली जठर रिकामं व्हायला उशीर लागतो. डोळा घड्याळावर ठेवून जेवणारा माणूस रोज हेच भोगत असतो.

दातांनी जे केलं नाही ते जठराला करावं लागतं. जठराच्या खालच्या भागात मिनिटाला सुमारे ३ लाटा येतात. त्या अन्नाला आतड्याच्या दारापर्यंत ढकलतात, दार जवळजवळ मिटलेलं असल्याने अन्न मागे उसळतं, पुन्हा ढकललं जातं, भरडलं जातं. कण १ ते २ मिलिमीटरपेक्षा बारीक झाले की मगच दारातून पुढे जातात. न चावता गिळलेला मोठा घास तिथे अडून राहतो. साधं घन जेवण जठरातून पुढे सरकायला ४ तासांच्या आसपास लागतात, स्निग्ध असेल तर त्याहून जास्त. भराभर खाताना हवाही गिळली जाते, ती ढेकरा होऊन छळते. शिवाय पोट भरल्याची जाणीव नुसत्या जठराच्या ताणातून येत नाही. लहान आतड्यातून सुटणारी संप्रेरकं मेंदूला खबर देतात, आणि त्याला १५-२० मिनिटं जातात. १० मिनिटांत जेवण उरकणाऱ्याला ही खबर उठल्यावर मिळते, तोवर गरजेपेक्षा जास्त पोटात गेलेलं असतं. असं ठासून भरलेलं जठर घेऊन तो वाकून ओझी उचलायला लागला किंवा थकून आडवा झाला, की आम्ल वर अन्ननलिकेत येतं आणि छातीत जळजळ सुरू होते.

आता कागदावरची अर्ध्या तासाची सुट्टी जवळून पाहू. घंटा होते. हातातलं काम थांबवून, यंत्र बंद करून किंवा संगणकावर नोंद करून उठण्यात दोन-तीन मिनिटं जातात. हातमोजे, टोपी, ॲप्रन उतरवायचं असेल तर आणखी दोन. हात धुवायला रांग. जेवायची खोली दुसऱ्या मजल्यावर. डबा गरम करायचं यंत्र एकच, आणि पुढे सहा जण उभे. बसायला जागा मिळेपर्यंत बारा-तेरा मिनिटं सरलेली असतात. शेवटची पाच मिनिटं परत जागेवर पोचायला राखून ठेवावी लागतात, कारण उशिराची नोंद होते. याच वेळात शौचालयातही जायचं असतं, घरी आजारी मूल असेल तर एक फोन करायचा असतो. ताटासमोर उरतात फार तर १० मिनिटं. नियमांच्या पुस्तकात अर्धा तासच लिहिलेला असतो, आणि नियम पाळल्याची सहीही रोज होते.

या १० मिनिटांचा ताटातल्या अन्नावर काय परिणाम होतो, हे मोजून पाहिलं गेलं आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना जेवायला बसल्यावर कधी २० मिनिटं दिली, कधी १०. वेळ निम्मा झाला तेव्हा फळं आणि भाज्या खाण्याचं प्रमाण ठळकपणे घटलं. मुख्य पदार्थात आणि पेयांत तसा फरक पडला नाही. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. घाईत माणूस आधी काय सोडतो, तर जे चावावं लागतं ते. आणि आतड्याला सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते.

तंतुमय अन्नाचं महत्त्व जगाला पटवून देण्यात डेनिस बर्किट या शल्यविशारदाचा मोठा वाटा आहे. आफ्रिकेत अनेक वर्षं काम केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की भरपूर चोथा असलेलं अन्न खाणाऱ्या ग्रामीण लोकांना शौचाला जास्त आणि मऊ होतं, अन्नाचा प्रवासही लवकर संपतो, आणि श्रीमंत देशांत घरोघरी आढळणारे आतड्याचे काही विकार तिथे क्वचित दिसतात. १९७२ साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत हे मांडलं. त्यांच्या सगळ्याच अनुमानांना पुढे दुजोरा मिळाला असं नाही, पण मूळ मुद्दा टिकला. तंतू पाणी धरून ठेवतात, मळाला आकार आणि मऊपणा देतात. त्यातला काही भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट हे स्निग्धाम्ल तयार होतं, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतू आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं सुचवली. हे प्रमाण गोळीतून किंवा पुडीतून गाठायचं नसतं. ते अख्खी धान्यं, कडधान्यं, साल-बी असलेली फळं, पालेभाज्या, शेंगा आणि सुकामेवा यांतून येतं. एकदम वाढवलं तर पोट फुगतं आणि माणूस कंटाळून सोडून देतो. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावं, सोबत पाणीही वाढवावं. ज्यांचं आतडं मुळात फार संवेदनशील आहे त्यांना काही तंतू सोसत नाहीत. त्यांनी जाणकाराच्या मदतीने आपलं आपण शोधावं, दुसऱ्याचं बघून खाऊ नये.

पण इथेच वेळेचा प्रश्न परत येतो. चोथा असलेलं अन्न चावावं लागतं, आणि चावायला मिनिटं लागतात. मऊ, दळलेलं, गोड, तळलेलं अन्न दोन-तीन चाव्यांत गिळता येतं. ज्याच्या हातात १० मिनिटं आहेत तो दुसऱ्या प्रकारचं अन्न निवडतो, आणि त्याच्या जागी मीही तेच निवडीन. त्याला अज्ञान म्हणणं चूक आहे. त्याला तंतूंचे फायदे सांगणारी पत्रकं वाटून काही होणार नाही; त्याच्या सुट्टीत १० मिनिटांची भर घातली तर होईल.

पचनाच्या दुसऱ्या टोकाबद्दल बोलायला लोक लाजतात, म्हणून तिथला अन्याय दिसतही नाही. जठरात अन्न पडलं की मोठं आतडं हलतं, आणि मळ पुढे सरकतो. ही प्रतिक्रिया सकाळी उठल्यावर आणि पहिल्या खाण्यानंतर सर्वांत जोरकस असते. बऱ्याच जणांना कॉफीनेही ती काही मिनिटांत जाणवते. गुदाशय ताणला गेला की भावना होते. तेव्हा जागा आणि सवड असेल तर काम सहज होतं. दाबून ठेवलं तर भावना निघून जाते, मळ वरच थांबतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि तो घट्ट होतो. रोजच दाबलं तर गुदाशयाला ताणाची सवय होते आणि भावनाच बोथट होते. बद्धकोष्ठतेची कितीतरी प्रकरणं अशी हळूहळू घडतात. लहान मुलांत तर हे फार स्पष्ट दिसतं. शाळेचं शौचालय घाण आहे, दाराला कडी नाही, आत पाणी नाही, किंवा तासाला उठू देत नाहीत, म्हणून मूल घरी जाईपर्यंत धरून ठेवतं. मग एकदा कडक शौच होऊन दुखतं, त्या भीतीने ते आणखी धरून ठेवतं. आईवडील मुलाच्या खाण्याला दोष देत राहतात, आणि शाळेला कुणी काही विचारत नाही.

मोठ्यांचं दुःख याहून वेगळं नाही. कामाच्या ठिकाणी शौचालय नाही किंवा जायला परवानगी मागावी लागते, म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. चालक, विक्रेते, शेतावर राबणाऱ्या बायका, सगळ्यांची हीच युक्ती. मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, पोट साफ होत नाही, डोकं दुखतं. अशा बाईला भरपूर पाणी पिण्याचा उपदेश करणं क्रूर आहे. आधी तिला दाराला कडी असलेली जागा द्या.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर दोन समजुती बाजूला करतो. दिवसाला आठ पेले पाणी प्यायलाच हवं, असं सगळीकडे सांगितलं जातं. अमेरिकेच्या पोषण मंडळाने १९४५ साली दिवसाला अडीच लिटर पाणी सुचवलं तेव्हा यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं, हेही लगेच पुढे लिहिलं होतं. ते वाक्य गळून पडलं. निरोगी माणसाने तहान लागली की प्यावं. उन्हात, श्रमात आणि तंतू वाढवताना जास्त प्यावं. दुसरी समजूत जेवताना पाणी प्यायल्याने पाचकरस पातळ होतो ही. आपण दिवसाला दोनेक लिटर द्रव पोटात घेतो, तर लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्यातला स्राव मिळून शरीर त्यात ७ लिटरच्या आसपास भर घालतं. एवढ्या मोठ्या व्यवहारात पेलाभर पाण्याने काही बिघडत नाही. पेला रिचवून घास गिळायची सवय मात्र वाईट, कारण मग चावणं टळतं. आतडं धुऊन काढणारे काढे आणि शरीरातलं विष काढण्याचा दावा करणारी पेयं यांवर पैसे घालवू नयेत. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करत असतात.

वेळ मिळत नाही म्हणून बाजार गोळी देतो. जठरातलं आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल हे औषध १९८०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं आणि आम्लाच्या आजारांवरचे उपचारच बदलले. व्रण झालेल्या, अन्ननलिका सोललेल्या रुग्णांना या गटातल्या औषधांनी जीवदान दिलं आहे. पण आज हीच गोळी कितीतरी लोक वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने घेतात, कारण धावतपळत जेवून पुन्हा कामाला लागायचं तर जळजळ दाबायला दुसरा उपाय सापडत नाही. दीर्घकाळ घेऊन ती अचानक थांबवली की आम्ल आधीपेक्षा जोरात उसळतं, आणि माणूस पुन्हा गोळीकडे वळतो. ज्या दुखण्याचं मूळ पाळीच्या वेळापत्रकात आहे, त्यावर औषधाचा खर्च कामगार स्वतःच्या खिशातून करतो. मालकाच्या हिशोबात तो कुठेच दिसत नाही.

यावर हरकती येतात, आणि त्या टाळण्यासारख्या नाहीत. ज्यांना वेळ आहे तेही नीट कुठे जेवतात, असं लोक विचारतात. खरं आहे. तासभराची सुट्टी मिळूनही पडद्यावर बोट फिरवत पाच मिनिटांत जेवणारे मी रोज पाहतो. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच झोपणं, दारू, तंबाखू, सारखं काहीतरी तोंडात टाकणं, यांची जबाबदारी माणसाची स्वतःचीच आहे. शेवटचं जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवणं ज्याच्या हातात आहे त्याने ते ठेवावंच. पण सवय लागायला आधी संधी लागते. ज्याला संधीच नाही त्याच्या सवयींचा निवाडा करायचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरी हरकत उत्पादनाची. सुट्टी वाढवली की काम घटेल, असं व्यवस्थापक म्हणतात. दुपारी पोट धरून बसलेला, जळजळीने रात्र जागून आलेला, दर महिन्याला एखादी रजा टाकणारा माणूस किती काम करतो, हेही त्यांनी त्याच वहीत लिहावं. तिसरी हरकत मला सर्वांत गंभीर वाटते: सगळं वेळेवर आणि ताणावर ढकललं तर खरा आजार निसटेल. जठरातल्या व्रणांच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. चिंता आणि तिखट यांना दोष देण्यात कितीतरी वर्षं गेली, आणि १९८२ साली रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी त्यांमागचा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू दाखवून दिला. २००५ साली त्यांना नोबेल मिळालं, आणि आज बहुतेक रुग्णांत तो जिवाणू प्रतिजैविकांनी घालवता येतो. तेव्हा शौचातून रक्त जाणं, कारण नसताना वजन उतरणं, गिळताना अडकणं, रक्त कमी होणं, चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणं, यातलं काहीही असेल तर सवयी सुधारत बसू नये, तपासून घ्यावं. पण त्यासाठीही रजा लागते आणि दवाखान्यात जायला वेळ लागतो.

माझी मागणी मोठी नाही. जेवणाची सुट्टी घंटेपासून मोजू नये, माणूस ताटासमोर बसल्यापासून मोजावी, आणि ती २० मिनिटांपेक्षा कमी नसावी. जाण्यायेण्याचा, रांगेचा आणि हात धुण्याचा वेळ त्याव्यतिरिक्त असावा. तो कमी करायचा असेल तर व्यवस्थापनाने नळ वाढवावेत, खुर्च्या वाढवाव्यात, जेवायची खोली जवळ आणावी. जेवणाच्या वेळेत बैठक ठेवू नये. पाळ्या फिरत्या असल्या तरी त्या पाळीत जेवणाची वेळ ठरलेली असावी, कारण आतड्यालाही दिवस-रात्रीचं घड्याळ असतं आणि ते रोज फिरवलं की बिघडतं. रात्रपाळीवाल्यांना मध्यरात्री भरपेट, तेलकट जेवणाऐवजी हलकं काही मिळावं आणि ते बसून खाता यावं. शाळेत मुलांना जेवणाआधी खेळू द्यावं, म्हणजे खेळायला पळायच्या घाईत ती ताट अर्धं टाकत नाहीत. शौचालयात जाण्यासाठी मुलाला किंवा कामगाराला सगळ्यांदेखत हात वर करावा लागू नये. तपासनीसांनी कागद पाहण्याआधी जेवायच्या खोलीत उभं राहून घड्याळ लावावं.

डॉक्टरांकडूनही एक अपेक्षा आहे. पोटाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला काय खाता, हे विचारतात तसं जेवायला किती मिनिटं मिळतात, दिवसभरात शौचालयात केव्हा जाता येतं, हेही त्यांनी विचारावं. उत्तर १० मिनिटं असं आलं, तर गोळीच्या नावाखाली आणखी एक ओळ लिहावी: या रुग्णाला जेवणासाठी बसून २० मिनिटं मिळणं आवश्यक आहे. कामगाराने तोंडी मागितलेली सुट्टी नाकारणं सोपं असतं. डॉक्टरांच्या सहीचा कागद व्यवस्थापकाला आणि मुख्याध्यापकांना फाइलमध्ये लावावा लागतो, आणि एकाच ठिकाणाहून असे वीस कागद जमले की त्यांना उत्तर द्यावं लागतं.